पीआरपी इंजेक्शन: आपलंच रक्त खेळातली दुखापत बरी करतं का?

हिंगोली जिल्ह्यातलं वसमत हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जातं. मुका मार लागला की हळदीचा लेप, हा घरोघरचा पहिला उपचार. पण कबड्डीपटूचा गुडघा किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाची मांडी दोन-तीन आठवड्यांतही बरी झाली नाही, की हल्ली मोबाइलवर दुसराच उपाय दिसतो: पीआरपी. भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांच्या १६०० मीटर धावण्याला २० गुण असतात. तारीख जवळ आलेली असताना 'एका इंजेक्शनमध्ये बरे' ही जाहिरात कुणालाही पटेल. त्यामुळे हे इंजेक्शन काय करतं आणि काय करत नाही, ते आधी समजून घ्यायला हवं.

पीआरपी म्हणजे काय?

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. रुग्णाच्याच हातातून थोडं रक्त काढतात, ते सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात वेगाने फिरवतात आणि प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करून दुखऱ्या जागी टोचतात. प्लेटलेटचं काम फक्त रक्त गोठवण्याचं नाही. जखमेच्या जागी त्यांच्यातून वाढीला चालना देणारी प्रथिनं बाहेर पडतात. ती जास्त प्रमाणात पोहोचवली तर भरपाई लवकर होईल, असा यामागचा विचार आहे.

विचार पटण्यासारखा आहे, पण चाचण्यांचे निकाल तितके उत्साहवर्धक नाहीत. मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दुखावलेल्या ८० खेळाडूंवर नेदरलँड्समध्ये चाचणी झाली. काहींना पीआरपी दिलं, काहींना नुसतं सलाईनचं पाणी. २०१४ साली आलेल्या निकालानुसार मैदानावर परतायला दोन्ही गटांना सारखाच वेळ लागला. टाचेच्या वरच्या जाड शिरेच्या, म्हणजे अकिलीस टेंडनच्या, जुनाट दुखण्यावर २०१० साली ५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीतही फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियात गुडघ्याची झीज झालेल्या २८८ जणांवर केलेल्या चाचणीचा २०२१ चा निकालही तसाच होता.

टेनिस एल्बोचं चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. (हे दुखणं टेनिस न खेळणाऱ्यांनाच जास्त होतं, वारंवार पिळणं, उचलणं, आपटणं हीच त्याची कारणं.) १०० रुग्णांच्या एका डच चाचणीत वर्षभरानंतर स्टिरॉइडपेक्षा पीआरपी सरस ठरलं. मात्र पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर सलाईनपेक्षा विशेष फायदा आढळला नाही. स्टिरॉइडने सुरुवातीला आराम पडतो आणि दुखणं पुन्हा उलटतं, हेही त्या तुलनेत लक्षात घ्यावं लागतं.

लिगामेंट पूर्ण तुटलं असेल तर ते पीआरपीने जोडलं जात नाही. तिथे आधी नीट तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय हवा. नांदेड वसमतपासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. तिथल्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे. जाहिरात पाहून पैसे मोजण्याआधी तिथे गुडघा दाखवणं शहाणपणाचं.

आणि स्टेम सेल?

इथे जास्त सावध राहायला हवं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेणं त्यात बसत नाही. म्हणून 'गुडघ्यासाठी स्टेम सेल पॅकेज' असं दरपत्रक दिसलं, की चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा.

पीआरपी घ्यायचंच ठरवलं, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, प्लेटलेट कमी असणं, अंगात संसर्ग किंवा कर्करोग याबद्दल डॉक्टरांना आधी सांगावं. टोचल्यावर काही दिवस दुखणं वाढू शकतं. परिणाम झालाच तर तो काही आठवड्यांनी जाणवतो, आणि तोवर फिजिओथेरपीचे व्यायाम चालूच ठेवावे लागतात. त्यामुळे परवाच्या चाचणीसाठी आज इंजेक्शन घेण्यात अर्थ नाही.

स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, 'वाडा', हिने २०१० साली स्नायूत पीआरपी टोचायला बंदी घातली होती. २०११ मध्ये ती उठली. स्टिरॉइडचं इंजेक्शन मात्र २०२२ पासून स्पर्धेच्या काळात कोणत्याही जागी टोचलं तरी प्रतिबंधित आहे. सुईत नेमकं काय भरलंय, हे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं.