सर्व्हरलेस फंक्शन : चाचणी आणि डिप्लॉयमेंट

'सर्व्हरलेस' या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. सर्व्हर असतोच, तो विकत घेण्याची व सांभाळण्याची जबाबदारी मात्र आपली नसते. आपण केवळ एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजेच 'फंक्शन', द्यायचे. मागणी येईल तेव्हा ते चालते आणि चालले तेवढ्याच वेळेचे पैसे पडतात. अॅमेझॉन वेब सर्व्हिसेसने नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर केलेली 'लॅम्डा' ही या प्रकारातील एक परिचित सेवा. जून २०१६ मध्ये सुरू झालेल्या कंपनीच्या मुंबई केंद्रातूनही ती वापरता येते.

उदाहरणादाखल सेल्सिअसचे फॅरनहाइट करून देणारे पायथॉन भाषेतील फंक्शन घेऊ. त्याला बाहेरून मिळणाऱ्या माहितीस 'इव्हेंट' म्हणतात व ती सहसा 'जेसन' या स्वरूपात असते. लॅम्डाच्या 'टेस्ट' विभागात नमुना इव्हेंट लिहून जतन करता येतो. त्यात सेल्सिअसपुढे ३७ लिहून चाचणी घेतली, की ९८.६ हे उत्तर, लागलेला वेळ, वापरलेली मेमरी आणि नोंदी समोर येतात. मात्र चाचणी होते ती शेवटी 'डिप्लॉय' केलेल्या प्रोग्रॅमची. बदल करून ते बटण दाबायचे राहिले, तर जुनेच फंक्शन चालते आणि नवशिका बुचकळ्यात पडतो.

खरी गोम पुढे आहे. तेच फंक्शन वेब पत्त्यामागे जोडले, की इव्हेंटचा आकार बदलतो. पत्त्यातून आलेली मूल्ये मजकूर म्हणून येतात. ३७ ही संख्या राहत नाही, ती '३७' अशी दोन अक्षरे होते. पायथॉन मजकुराला ९ ने गुणताना तोच मजकूर नऊ वेळा लिहून काढते. आपल्या सूत्रात पुढे ५ ने भागायचे असल्याने तेथे चूक उघडकीस येते. नुसते दुप्पट करणारे फंक्शन असते, तर त्याने ७४ ऐवजी ३७३७ असे उत्तर बिनबोभाट दिले असते! म्हणून नमुना इव्हेंट हाताने सोपा करून न लिहिता प्रत्यक्षात येणाऱ्या मागणीसारखाच घ्यावा. मूल्य नसलेला, शून्य असलेला आणि अक्षरे असलेला असे आणखी नमुनेही तपासावेत.

फंक्शनला मुळात ३ सेकंदांची मुदत व १२८ एमबी मेमरी मिळते. मुदत १५ मिनिटांपर्यंत वाढवता येते. त्याहून लांबणाऱ्या कामासाठी ही सेवा नव्हे.

चाचणी समाधानकारक झाल्यावर 'व्हर्जन' प्रसिद्ध करावे. त्याला क्रमांक मिळतो व त्यातील प्रोग्रॅम पुढे बदलत नाही. 'अॅलियस' हे नाव त्या क्रमांकाकडे वळवून ग्राहकांना तेच नाव द्यावे. नव्या व्हर्जनमध्ये बिघाड आढळला, तर अॅलियस मागील क्रमांकाकडे वळवला की जुने फंक्शन पुन्हा कामाला लागते.