सुळेभावीचा बालगायक आणि आजचे लिटिल चॅम्प्स

गाण्यातल्या जाणत्या मंडळींत एक मत हल्ली सिद्धान्ताच्या थाटात मांडलं जातं. लहान मुलांच्या गायनस्पर्धांनी गाणं नासवलं, असं ते मत. पूर्वी मूल गुरूच्या घरी दहा-बारा वर्षं घासलं जाई, तोवर त्याला चार माणसांपुढे तोंड उघडू देत नसत. आता आठव्या वर्षी त्याला कॅमेऱ्यापुढे उभं करतात, म्हणून बाराव्या वर्षी टाळ्या मिळतात आणि विसाव्या वर्षी कुणी ओळखत नाही. बेळगाव-निपाणीकडे हे मत जरा जास्तच आग्रहानं ऐकू येतं. कृष्णा-मलप्रभेच्या या मुलखाला आपल्या गाण्याचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. पण मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व ही नावं घेऊन आजच्या पोरांना गप्प केलं जातं, तेव्हा मला राहवत नाही. यातल्या तिघांची साक्ष त्या मताच्या विरुद्ध जाते.

चौथ्याची साक्ष मात्र त्या मताच्या बाजूची आहे, आणि ती आधी मान्य करतो. गदगचे भीमसेन १९३३ साली, अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून गेले. उत्तरेत भटकून परत आले आणि १९३६ पासून सवाई गंधर्वांकडे राहून शिकले. त्यांची पहिली जाहीर मैफल १९४१ सालची, वय एकोणीस. आधी तालीम, मग मंच, हा क्रम इथे अगदी स्वच्छ दिसतो. स्पर्धांचे टीकाकार याच एका आयुष्याचा नियम करतात.

आता बेळगावपासून हाकेच्या अंतरावरच्या सुळेभावीला या. ८ एप्रिल १९२४ रोजी तिथे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी जन्मले. घर कन्नड बोलणारं, लिंगायत; वडील गाणारे. सहा-सात वर्षांचं हे मूल एके दिवशी गायला लागलं, आणि गायला लागलं ते थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा. रामकृष्णबुवा वझे, सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांतला स्वर, लय, हरकत, सगळं हुबेहूब. मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव पुढे कायम झालं. वडील त्याला गावोगाव जलशांना नेत. लोक पोराचं गाणं ऐकायला गर्दी करत, बिदाग्या आणि पदकं देत. साधारण १९३६ च्या सुमारास मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला आणि मोठमोठे उस्ताद चकित झाले.

टीकाकार आजच्या कार्यक्रमांत जे जे दोष दाखवतात, ते सगळे इथे हजर आहेत. अजाण वय, दुसऱ्याच्या गाण्याची नक्कल, मुलाला फिरवणारे पालक, बक्षिसांची खैरात आणि कौतुकानं भारावलेली गर्दी. फक्त दूरदर्शन संच नव्हता. म्हणजे लहानपणीचा मंच हे कारण धरलं, तर कुमारांचं गाणं बाराव्या वर्षीच संपायला हवं होतं. ते संपलं नाही, याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

ते कारण मुंबईत ऑपेरा हाउसजवळ होतं. प्रा. बी. आर. देवधरांनी तिथे १९२५ साली संगीत विद्यालय काढलं होतं. जिना हॉलच्या यशानंतर कुमार त्या विद्यालयात आले आणि पुढली जवळजवळ अकरा वर्षं तिथेच राहिले. आधी विद्यार्थी म्हणून, मग शिकवणारे म्हणूनही. देवधर स्वतः विष्णु दिगंबरांचे शिष्य, पण त्यांनी मुलाला एका घराण्याच्या चौकटीत कोंडलं नाही. त्यांच्याकडे अनेक घराण्यांच्या गायकांचं येणं-जाणं होतं, आणि अंजनीबाई मालपेकरांसारख्या गायिकेकडूनही कुमारांना मिळालं. तबकडीवरून उचललेलं गाणं इथे उलगडलं गेलं. ही आलापी अशी का, हा राग इथेच का थांबतो, हे प्रश्न पडायला लागले. नकलेतून स्वतःच्या गाण्याकडे जाण्याची वाट या अकरा वर्षांत तयार झाली. त्यानंतर क्षयाचं दुखणं, ३० जानेवारी १९४८ ला देवासला जाणं, गाणं बंद, अंथरुणावर पडून कानावर येणारी माळव्याची लोकगीतं, स्ट्रेप्टोमायसिनने आलेला उतार आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा मंचावर येणं हे सर्वांना ठाऊक आहे. त्या नव्या गाण्याचं श्रेय लोक आजारपणाला देतात. मला वाटतं, देवधरांकडची वर्षं मागे नसती तर आजारपणानं फक्त आवाज हिरावला असता.

मन्सूरांचं बघा. धारवाडजवळच्या मन्सूर गावचा हा मुलगा भावाच्या नाटक कंपनीत रंगमंचावर गात असे, तेही लहानपणीच. मिरजेचे नीलकंठबुवा आलूरमठ यांनी त्याला नाटकात ऐकलं आणि शिष्य म्हणून उचललं. पुढे अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे जयपूर घराण्याची तालीम झाली. इथे मंचानं गुरू मिळवून दिला. तो मुलगा पडद्यामागे लपवून ठेवला असता, तर मिरजेच्या बुवांच्या कानावर तो आवाज कधी पडला असता? गंगूबाई तर खुद्द बेळगावात गायल्या. डिसेंबर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनात, जिथे गांधीजी अध्यक्ष होते, स्वागतगीत गायला त्या होत्या, तेव्हा त्यांचं वय अकरा. एवढ्या मोठ्या सभेपुढे या वयात उभं राहणं आजच्या कुठल्याही महाअंतिम फेरीपेक्षा लहान नव्हतं. सवाई गंधर्वांकडची त्यांची खरी तालीम त्यानंतर कित्येक वर्षांनी झाली.

यावर टीकाकारांचं नेहमीचं उत्तर असं, की हे अपवाद आहेत, असामान्यांची उदाहरणं देऊन सामान्य नियम मोडता येत नाही. आक्षेप बरोबर आहे, पण तो त्यांच्यावरच उलटतो. त्यांची सारी तुलनाच अशी आहे. जुन्या काळातून ते गाळून उरलेली चार नावं घेतात आणि आजच्या काळातून सगळी गर्दी घेतात. त्या काळात नाटक कंपन्यांतून, जलशांतून गाणारी शेकडो पोरं होती. आवाज फुटल्यावर कुणी पडद्यामागे गेलं, कुणी पेटी घेऊन बसलं, कुणी गाणंच सोडलं. त्यांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत, म्हणून ती पोरं झालीच नाहीत असं आपण समजतो. बालगायक मास्टर मदनचं नाव उरलं ते त्याच्या मोजक्या ध्वनिमुद्रिकांमुळे. १९४२ साली चौदाव्या वर्षी तो गेला. गुरुगृही वर्षानुवर्षं घासूनही गवई न झालेल्यांचीही गणती कुणी ठेवलेली नाही. न मोजलेल्या भूतकाळाशी मोजून काढलेल्या वर्तमानाची तुलना करणं तर्काला धरून नाही, मग ती कितीही थोर माणसानं केलेली असो.

‘मुलं फक्त दुसऱ्यांची गाणी गातात’ हा आक्षेपही टिकत नाही. आपली तालीम म्हणजे काय असतं? गुरू गातो, शिष्य तसंच्या तसं परत म्हणतो, हजारदा म्हणतो. नक्कल हा आपल्या गाण्याचा पाया आहे. ती कधी थांबवायची आणि कोणी थांबवायला लावायची, एवढाच प्रश्न असतो, आणि तो प्रश्न मंचाचा नसून शिक्षणाचा आहे.

या वादात एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती गळ्याची. मुलगा बारा ते पंधराच्या दरम्यान असताना त्याचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज सुमारे एका सप्तकानं खाली येतो. मुलींचा आवाजही उतरतो, थोडा. त्या काळात आवाज चिरतो, मध्येच घसरतो, वरच्या जागा सापडत नाहीत. ज्या आवाजाला लोकांनी मतं दिली, तो आवाज दोन वर्षांनी त्या शरीरात उरलेलाच नसतो. आणि कुमार देवधरांकडे आले ते नेमके याच वयात. सवाई गंधर्वांचा आवाजही वयात आल्यावर बसला होता. तो त्यांनी रियाजानं पुन्हा घडवला. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत बारीक, नाजूक गळा आहे, आणि घशाच्या दुखण्यानंतर त्याचा भारदस्त, खोल आवाज झाला. तो घेऊन त्या पुढे अर्धशतक गायल्या. तिघांनाही आपला पहिला आवाज सोडावा लागला. दुसरा आवाज घडवताना जवळ शिकवणारं कुणी असणं, यावर पुढचं सगळं ठरतं. टीव्हीवर गाजलेला मुलगा तेराव्या वर्षी घरी परततो तेव्हा त्याच्या भोवती कोण असतं, हे विचारायचं सोडून आपण तो टीव्हीवर गेलाच का, हे विचारत बसतो.

आता मराठी मुलांकडे येऊ. ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चं २००८-०९ चं पर्व ज्यांनी पाहिलं, त्यांना पाच नावं पाठ आहेत: कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत. फेब्रुवारी २००९ मध्ये आळंदीची कार्तिकी जिंकली. तेव्हाही ‘पाच वर्षांत ही पोरं विसरली जातील’ असं खात्रीनं सांगणारे होतेच. २०१७ साली आर्या ‘ती सध्या काय करते’ या चित्रपटाची नायिका झाली आणि त्यात गायलीही. २०२१ साली त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात हेच पाचजण परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले. पाचही जण एकेकट्यानं गातात आणि लोक तिकीट काढून ऐकतात. आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका, कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गाणारे-शिकवणारे. कार्यक्रम संपला तरी यांची शिकवणी थांबली नाही, कारण ती घरातच होती.

हिंदीतही तेच दिसतं. १९९६ साली दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज सुनो’ची स्पर्धा जिंकलेली सुनिधी चौहान संगीतकार कल्याणजी (कल्याणजी-आनंदजी जोडीतले) यांच्या ‘लिटल वंडर्स’ पथकात गात होती. मुलांच्या ‘सा रे ग म’ मधून पुढे आलेल्या श्रेया घोषाललाही कल्याणजींनी शिकवलं, आणि मग २००२ साली ‘देवदास’ आला. लता मंगेशकरांनीही चित्रपटात आल्यावर अमान अली खाँ भेंडीबाजारवाल्यांकडे तालीम घेतली. नाव झाल्यावरही शिकायला बसायची लाज वाटू नये, ही गोष्ट या सगळ्यांत समान आहे.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. मुलाच्या गाण्याचा निकाल फोनच्या मतांवर लावणं चुकीचं आहे. मतं ज्या गावाची जास्त, ते मूल पुढे, याचा गाण्याशी संबंध नाही. आणि बाद झालेल्या मुलाच्या रडण्यावर कॅमेरा धरून ठेवणं तर क्रूर आहे. ते बंद व्हावं. कायद्यानं काही केलंही आहे. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही; त्याच्या मिळकतीचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हे चांगले नियम आहेत, पण ते चित्रीकरणाच्या दिवसांपुरते. पुढल्या पाच-सात वर्षांचा विचार कुठल्याच नियमात नाही, आणि कायद्यानं तो करावा अशी अपेक्षाही नाही. तो समाजाचा विचार आहे.

आणि इथे आमच्या सीमाभागाची जबाबदारी येते. इथलं मूल घरात अभंग ऐकतं, शेजारी वचनं ऐकतं, शाळेत दोन्ही भाषांत गातं. बेळगावपासून मुंबई आणि बंगळूर साधारण सारखेच लांब, दोन्हीकडे पाचशे किलोमीटरच्या आसपास. मराठी वाहिनी मुंबईला, कन्नड वाहिनी बंगळूरला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण भाषेवरून जेवढे वाद केले, त्याच्या दशांश विचारही या मुलांच्या तालमीचा केला नाही. कन्नड घरात जन्मलेल्या कुमारांनी बालगंधर्वांची पदं आणि तुकोबांचे अभंग गायले, आणि ते मराठी माणसानं डोक्यावर घेतले, एवढं उदाहरण डोळ्यांपुढे असूनही नाही केला.

पोर निवडलं गेलं की चौकात फलक लागतो, मिरवणूक निघते, मतांसाठी आवाहन होतं, आणि तो मुलगा परत आला की मंडळ पुढच्या वर्षीच्या वर्गणीला लागतं. हे पैसे आणि हा उत्साह दोन्ही खरे आहेत, म्हणून त्यांचा उपयोग व्हावा असं कळकळीनं वाटतं. बेळगावात शिकवणारी माणसं आहेत, हार्मोनियमचे पं. रामभाऊ विजापुरे तर २०१० साली जाईपर्यंत दशकानुदशकं इथेच विद्यार्थी घडवत राहिले, आणि त्यांच्या हाताखालून गेलेले आजही शिकवतात.

तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळांना आणि पालकांना विनंती आहे. मुलाला स्पर्धेला जरूर पाठवा. तो परत आल्यावर फलकाचे पैसे वाचवून त्याची पाच वर्षांची शिकवणी भरा, घरात तंबोरा आणा, आवाज फुटतोय तोवर त्याला कार्यक्रमांच्या सुपाऱ्या घेऊ देऊ नका, आणि तेराव्या वर्षी त्याचा सूर चिरला तर त्याला कुणी हसणार नाही याची काळजी घ्या.