चौथ्या विभागाचं विजेतेपद आणि एक मतदान : पोर्ट्समथ, २०१६-१७

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलं, की इंग्लंडमधल्या चौथ्या दर्जाच्या फुटबॉलवर इतिहासाचं व्याख्यान कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्यातले बरेच जण शनिवार-रविवारी रात्री जागून जे सामने बघतात ते प्रीमियर लीगचे. तिथे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, त्याखाली लीग वन, त्याखाली लीग टू. या तिन्ही विभागांत प्रत्येकी २४ क्लब. नाव 'टू' असलं तरी लीग टू म्हणजे चौथी पायरी. तिथलं विजेतेपद म्हणजे फार तर एक पायरी वर चढल्याचा दाखला. तरीसुद्धा २०१६-१७ साली पोर्ट्समथने ही पायरी कशी चढली, आणि त्याच महिन्यात क्लबच्या मालकांनी, म्हणजे प्रेक्षकांनी, क्लब विकायचा निर्णय का घेतला, हे दोन प्रश्न आम्हाला एकत्र पाहावेसे वाटतात. या क्लबची गोष्ट सांगताना बहुतेक लोक एक प्रश्न सांगतात आणि दुसरा गाळतात.

आधी गाव. पोर्ट्समथ हे दक्षिण किनाऱ्यावरचं आरमाराचं शहर. त्याचा मोठा भाग पोर्टसी नावाच्या बेटावर वसलेला आहे, आणि फ्रॅटन पार्क हे क्लबचं मैदान त्याच बेटावर, दाटीवाटीच्या घरांच्या रांगांमध्ये आहे. हे मैदान १८९९ पासूनचं. दक्षिणेकडचा स्टँड १९२५ चा, आर्चिबाल्ड लीच यांनी आखलेला. ब्रिटनमधली निम्मी जुनी मैदानं या लीचसाहेबांचीच, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. १९४८-४९ आणि १९४९-५० अशी लागोपाठ दोन वर्षं हा क्लब अख्ख्या इंग्लंडचा विजेता होता. एफए कप १९३९ साली जिंकला, मग महायुद्ध आलं, स्पर्धा थांबली, आणि तो कप १९४६ पर्यंत यांच्याकडेच राहिला. तेव्हा गोष्ट लहान क्लबची नाही. खाली आलेल्या घराण्याची आहे.

आणि हे घराणं खाली आलं ते फार वेगाने. २००८ मध्ये वेम्ब्लीवर कार्डिफला १-० हरवून पोर्ट्समथने पुन्हा एफए कप जिंकला. तो संघ मोठमोठ्या पगारांचा होता, आणि ते पगार तिकिटांच्या पैशातून निघत नव्हते, मालकाच्या खिशातून निघत होते. २००९ मध्ये मालकाने हात काढून घेतला. पुढच्या एकाच हंगामात क्लबने चार मालक पाहिले! फेब्रुवारी २०१० मध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना असं झालेला हा पहिलाच क्लब. देणी १०० दशलक्ष पौंडांच्या वर होती.

इथे क्षणभर थांबू, कारण पुढचं सगळं या देण्यांच्या यादीतून समजतं. इंग्लिश फुटबॉलचा एक नियम आहे. क्लब बुडाला तरी इतर क्लबांची आणि खेळाडूंची देणी पूर्ण चुकती करायची. बाकीच्यांना उरलंसुरलं मिळेल, म्हणजे एका पौंडामागे काही पेन्स. त्या 'बाकीच्यां'मध्ये सरकारी करखातं होतं, गावातले लहान व्यावसायिक होते, आणि सामन्यांच्या वेळी प्रथमोपचाराला उभी राहणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. तिचे काही हजार पौंड थकले होते. एकीकडे लाखोंचा पगार घेणारा खेळाडू सुरक्षित, दुसरीकडे प्रथमोपचार करणारे रांगेत शेवटी. करखातं या नियमाविरुद्ध कोर्टात गेलं आणि हरलं. गावाच्या मनात क्लबच्या मालकांविषयी जी चीड बसली ती फक्त हरण्यामुळे नव्हती. शेजाऱ्याचे पैसे आपल्या क्लबने बुडवले, याची ती शरम होती.

पुढची वर्षं भराभर सांगतो. २०१० मध्ये प्रीमियर लीगमधून खाली. २०११ मध्ये नवा मालक, आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याला अटक. फेब्रुवारी २०१२ मध्ये पुन्हा प्रशासक, १० गुणांची कपात, त्या वसंतात चॅम्पियनशिपमधूनही खाली. पुढच्या हंगामात आणखी १० गुण कापले गेले, संघ लीग वनमध्ये तळाला राहिला, आणि २०१३ मध्ये थेट चौथ्या विभागात. चार हंगामांत तीन घसरणी.

या काळात क्लब बंदच पडण्याची शक्यता खरी होती. ती टाळली पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्टने. पॉम्पी हे या शहराचं आणि क्लबचं लाडकं नाव. ट्रस्टचा शेअर १,००० पौंडांचा. ज्यांना एकट्याने झेपत नव्हतं त्यांनी मित्रमंडळींत वर्गणी काढून घेतला. अशा भागधारकांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. त्यांच्या जोडीला काही सधन समर्थक होते, ज्यांना 'प्रेसिडेंट' म्हणत. ट्रस्टचा वाटा साधारण ४८ टक्के आणि बाकीचा या मंडळींचा. शहराच्या नगर परिषदेने तात्पुरतं कर्ज दिलं. मैदानावर आधीच्या मालकाच्या कंपनीचा बोजा होता. एप्रिल २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात सुनावणीच्या दिवशीच ३० लाख पौंडांवर तडजोड झाली, आणि १९ एप्रिलला क्लब प्रेक्षकांच्या मालकीचा झाला. तेव्हा तो इंग्लंडमधला समर्थकांच्या मालकीचा सर्वांत मोठा क्लब होता.

सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा, सभेतले वाद. साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या प्रदेशात वाढलेल्या आपल्याला हे शब्द समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानेही इंग्लंडमधल्या मैत्री-संस्थांच्या कायद्यांकडूनच उसनवारी केली होती. तेव्हा हे नातं अगदीच ओढूनताणून आणलेलं नाही. मात्र साखर कारखान्याला दर आठवड्याला गुणतक्ता लागत नाही. इथे लागतो.

आणि गुणतक्ता सुरुवातीला काही बरं बोलत नव्हता. लीग टूमध्ये पहिल्या वर्षी १३वा क्रमांक. दुसऱ्या वर्षी १६वा. २०१४ मध्ये जुनी देणी फिटली, क्लब कर्जमुक्त झाला, पण मैदानावर संघ मधल्या फळीतच अडकलेला. २०१५ मध्ये पॉल कुक प्रशिक्षक म्हणून आले. ६वा क्रमांक, म्हणून बढतीच्या प्ले-ऑफमध्ये प्रवेश. तिथे गाठ पडली प्लिमथशी, तेही आरमाराचंच शहर. घरी २-२. परतीच्या सामन्यात भरपाई वेळेत प्लिमथचा गोल, ०-१, खेळ खलास.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. पोर्ट्समथला 'गरीब बिचारा क्लब' म्हणून रंगवायची पद्धत आहे, ती आम्हाला पटत नाही. चौथ्या विभागात असतानाही फ्रॅटन पार्कवर सरासरी १५ हजारांच्या वर लोक येत. त्या विभागातल्या बहुतेक क्लबांना त्याच्या निम्मेही मिळत नसत. लीग टूमध्ये खेळाडूंच्या पगारावर उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा असते. म्हणजे ज्याचा गल्ला मोठा त्याला पगाराची मुभा मोठी. प्रेक्षकांचा क्लब असूनही, किंबहुना प्रेक्षकांमुळेच, पोर्ट्समथ या विभागातला दांडगा गडी होता. खरा प्रश्न असा की इतकं असून वर यायला चार वर्षं का लागली? त्याचं उत्तर बरंचसं कंटाळवाणं आहे: जुनी देणी, जुनं मैदान, आणि प्रशिक्षक बदलत राहण्याची खोड.

२०१६-१७ चा हंगामही सरळ गेला नाही. डॉनकास्टर आणि प्लिमथ पुढे, पोर्ट्समथ मागून चाललेलं. नोव्हेंबरमध्ये स्टीव्हनेजला तर कमाल झाली. मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये आपल्याच संघाचा कर्णधार आणि एक बचावपटू यांची जुंपली, दोघांनाही उत्तरार्धात मैदानावर येऊ दिलं नाही, आणि सामना ०-३ ने गेला. बढतीची भाषा करणाऱ्या संघाचं हे चित्र! पण कुक यांनी संघ मोडू दिला नाही. जानेवारीत जमाल लो हा विंगर आला, हॅम्प्टन अँड रिचमंड बरो या अर्धव्यावसायिक दर्जाच्या क्लबातून. १७ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, नॉट्स काउंटीला त्यांच्या घरी ३-१ हरवून बढती पक्की झाली, त्यात दोन गोल या लोचे.

मग उरला शेवटचा दिवस, ६ मे २०१७. गणित असं होतं: प्लिमथ ८६ गुण, डॉनकास्टर ८५, पोर्ट्समथ ८४. तिघांचीही बढती झालेली. पोर्ट्समथला विजेतेपद हवं तर स्वतः जिंकायचं, आणि बाकी दोघांपैकी कुणीही जिंकता कामा नये. सगळे सामने एकाच वेळी. फ्रॅटन पार्कवर चेल्टनहॅमविरुद्ध पोर्ट्समथ ६-१. तिकडे ग्रिम्सबीत प्लिमथ १-१. प्लिमथ आणि पोर्ट्समथ दोघेही ८७ वर, जिंकलेले सामने २६, बरोबरी ९, हार ११, हेही दोघांचं तंतोतंत सारखं. फरक फक्त गोलांचा: पोर्ट्समथ +३९, प्लिमथ +२५.

राहिलं डॉनकास्टर. ते हार्टलपूलला खेळत होते आणि पुढे होते. हार्टलपूल तळाशी, विभागातून बाहेर फेकलं जाण्याच्या बेतात. मग त्यांनी एका पोरसवदा बदली खेळाडूला उतरवलं, डेव्हान्टे रॉडनी. त्याने दोन गोल केले. हार्टलपूल २-१. त्या दोन गोलांनी पोर्ट्समथ विजेतं झालं, आणि काही मिनिटं हार्टलपूलही वाचलं होतं. पण वेल्समध्ये न्यूपोर्टने ८९व्या मिनिटाला गोल करून आपला सामना जिंकला. १९२१ पासून लीगमध्ये असलेलं हार्टलपूल ९६ वर्षांनी बाहेर पडलं, तेसुद्धा सामना जिंकून. पोर्ट्समथच्या आनंदाचं वर्णन करणाऱ्यांनी हे विसरू नये, असं आम्हाला वाटतं. बढती आधीच मिळालेल्या तिघांसाठी तो दिवस मानाचा होता. हार्टलपूलसाठी तो पोटाचा होता.

या विजेतेपदाने पोर्ट्समथ हा चारही व्यावसायिक विभाग जिंकलेला इंग्लंडमधला पाचवा क्लब ठरला. त्याआधीचे चार म्हणजे वुल्व्हज, बर्नली, प्रेस्टन आणि शेफील्ड युनायटेड.

आणि आता दुसरा प्रश्न. या जल्लोषाच्या दिवसांतच भागधारकांपुढे एक प्रस्ताव होता. मायकेल आयस्नर, म्हणजे १९८४ ते २००५ डिस्नीचे प्रमुख असलेले गृहस्थ. त्यांच्या टोर्नान्टे कंपनीने क्लबसाठी ५६.७ लाख पौंड देऊ केले, शिवाय क्लबमध्ये १ कोटी पौंड घालायचं आश्वासन. मे महिन्यातच मतदान झालं. सुमारे ८० टक्के मतं विक्रीच्या बाजूने पडली. ऑगस्टमध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्याआधीच कुक विगनला निघून गेले होते.

हे कसं समजायचं? एक वाचन असं की समर्थकांची मालकी अपयशी ठरली, त्यांनी हात टेकले. दुसरं असं की श्रीमंताने पुन्हा गाव विकत घेतलं. दोन्ही वाचनं आम्हाला घाईची वाटतात. ज्यांनी मत दिलं ते हरून मत देत नव्हते, जिंकून देत होते. त्यांच्यासमोर १९२५ चा स्टँड होता आणि मैदानाच्या दुरुस्तीचा लाखोंचा खर्च. पगाराची मर्यादा गल्ल्यावर चालते, पण स्टँडचं लोखंड गल्ल्यावर चालत नाही. आणखी वर, चॅम्पियनशिपमध्ये, बहुतेक क्लब मालकाच्या खिशावर तोटा सोसत खेळतात. तिथे जायचं तर १,००० पौंडांचे शेअर किती वेळा विकायचे? विरोधातल्या पाचव्या हिश्श्याचं म्हणणंही तेवढंच रोखठोक होतं: आपल्याला याच रस्त्याने खड्ड्यात घातलं होतं, मग पुन्हा तोच रस्ता का?

तरी २०१७ चा विक्रेता आणि २००९ चा विक्रेता यांत मोठा फरक होता. २००९ मध्ये क्लब हातोहात फिरवला गेला, कारण विकणाऱ्याला सुटायचं होतं. २०१७ मध्ये क्लब कर्जमुक्त होता, विभागाचा विजेता होता, आणि विकणारे दुसऱ्या शनिवारी त्याच मैदानात येऊन बसणार होते. म्हणून त्यांनी खरेदीदाराला गावात बोलावून प्रश्न विचारले, आणि क्लबचं बोधचिन्ह, रंग, मैदानाची जागा अशा बाबतींत समर्थकांचं ऐकलं जाईल यासाठी एक सल्लागार मंडळ मागून घेतलं. चार वर्षांच्या मालकीने त्यांना घासाघीस करायची पत मिळवून दिली, असं आम्ही म्हणू.

पैशाने लगेच काही झालं नाही, हेही नोंदवायला हवं. आयस्नर यांच्या मालकीत क्लब लीग वनमध्ये सात हंगाम राहिला. २०१९ मध्ये वेम्ब्लीवर ८५ हजारांहून अधिक लोकांसमोर सुंदरलँडला हरवून खालच्या विभागांची ईएफएल ट्रॉफी जिंकली, पण बढती हुकतच राहिली. ती आली २०२४ मध्ये, पुन्हा विजेतेपदासह. दरम्यान मैदानाची डागडुजी झाली, लीचसाहेबांचा स्टँड अजून उभा आहे, आणि विक्रीनंतर ट्रस्टच्या भागधारकांना त्यांचे शेअरचे पैसे परत मिळाले. २०१० च्या देणेकऱ्यांच्या यादीतल्या बाकीच्यांना ते कधीच पूर्ण मिळाले नव्हते.

वेळ संपत आली आहे. समोरून चिठ्ठ्या आल्या आहेत, पहिली हार्टलपूलविषयीच आहे. ती घेऊया.