श्रीलंकेतील बायकांचे आयुष्य
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, बायका पुरुषांपेक्षा कमी जगत. १९४६ मध्येही पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ४४ वर्षे होते, तर स्त्रियांचे ४२च्या आसपास. मोठे कारण बाळंतपण. १९३०च्या दशकात दर लाख जिवंत जन्मांमागे २,०००हून अधिक माता दगावत. त्यातच १९३४-३५ची हिवतापाची भीषण साथ आली. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या गरोदर बायका अशा तापात टिकणे कठीण.

उपायाची सुरुवात मात्र त्याआधीच झाली होती. १९२६ मध्ये कळुतर येथे पहिले आरोग्य युनिट उघडले. ठरावीक वस्तीमागे एक प्रशिक्षित सुईण, घरोघर फिरणारी, गरोदर बायकांची नोंद ठेवणारी, अडलेल्या बाईला वेळेत इस्पितळात धाडणारी, अशी ती व्यवस्था. पुढे डीडीटीच्या फवारणीने हिवताप ओसरला. फवारणीचे कौतुक जगभर झाले, सुईणीचे तेवढे नाही. १९४५च्या सुमारास सुरू झालेल्या मोफत शिक्षणाने मुलीही शिकू लागल्या. १९५०च्या दशकात मातामृत्यूचे प्रमाण ६००च्या खाली उतरले आणि १९६०च्या दशकात स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांच्या पुढे गेले.