ओदुदुवा कोणाचा?

दक्षिण नायजेरियात इफे आणि बेनिन ही दोन जुनी राजनगरं एकमेकांपासून सरळ रेषेत जेमतेम १७५ किलोमीटरवर आहेत. (बेनिन नावाचा शेजारचा देश वेगळा. पूर्वीच्या दाहोमीने ते नाव १९७५ मध्ये घेतलं.) इफे हे योरुबांचं आद्यपीठ आणि तिथला राजा म्हणजे ओनी. बेनिन ही एडो लोकांची राजधानी आणि तिथला राजा म्हणजे ओबा. ओदुदुवा हा योरुबांचा मूळपुरुष. तो नेमका कोण होता, यावरून या दोन गाद्यांमध्ये आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या दोन समाजांमध्ये गेली काही दशकं कडवट वाद चालू आहे. २००४ मध्ये बेनिनचे तेव्हाचे ओबा एरेदियाउवा यांनी आत्मचरित्रात ओदुदुवा हा मुळात बेनिनचा राजपुत्र असल्याचं लिहिलं, आणि इफेचे ओनी सिजुवादे यांनी ते साफ फेटाळलं. बाप कोण आणि लेक कोण, असा हा तंटा. राजघराणं जिथून आलं तिथूनच लोक आले आणि भाषाही तिथूनच आली, असं यात दोन्ही बाजू न बोलता धरून चालतात. माझ्या मते घोडं इथेच पेंड खातं. भाषेचं नातं, गादीचं नातं आणि लोकांचं नातं या तीन गोष्टींची वयं वेगळी आहेत, आणि त्यांचे पुरावेही वेगळे तपासावे लागतात.

आधी दोन्ही कथा पाहू. बेनिनमध्ये पूर्वी ओगिसो घराण्याचं राज्य होतं. ‘ओगिसो’ म्हणजे आकाशीचा राजा. शेवटचा ओगिसो ओवोडो याला लोकांनी हाकललं, काही काळ राजाविना गेला, आणि मग जाणत्यांनी इफेच्या ओदुदुवाकडे राजा मागितला. बेनिनचे लोक राजाला नीट सांभाळतील का, हे पाहण्यासाठी ओदुदुवाने आधी त्यांच्याकडे उवा पाठवल्या. त्या धष्टपुष्ट होऊन परत आल्यावर त्याने आपला मुलगा ओरान्मियान याला धाडलं. ओरान्मियानला हा मुलूख मानवला नाही. स्थानिक मुलीपासून झालेला मुलगा मागे ठेवून तो निघून गेला, आणि पुढे ओयो या योरुबा राज्याची गादी त्याने स्थापली. तो मुलगा म्हणजे पहिला ओबा एवेका. त्याचा काळ साधारण इ. स. १२०० च्या आसपास धरतात. दुसऱ्या कथेत हेच सगळं आहे, फक्त सुरुवात पालटते. ओवोडोचा एकुलता एक मुलगा एकालादेरहान कपटाने मृत्युदंडाला पात्र ठरला, पण मारेकऱ्यांनी त्याला सोडून दिलं. भटकत तो इफेला पोचला, तिथे राजा झाला आणि त्याने इझोदुवा हे नाव घेतलं. योरुबांनी त्याचंच ओदुदुवा केलं. म्हणजे बेनिनने परक्याकडे राजा मागितलाच नाही. स्वतःच्या हरवलेल्या युवराजाचा वंश परत आणला.

दोन्ही कथांचा बराच भार शब्दांच्या व्युत्पत्तीवर आहे, आणि तिथे त्या सारख्याच डळमळीत होतात. योरुबा सांगतात की ओरान्मियानने वैतागून या जागेला ‘इले इबिनू’ म्हणजे संतापाची भूमी म्हटलं, आणि त्यावरून बेनिन हे नाव आलं. एडो सांगतात की इझोदुवाचा अर्थ एडोत लागतो, ‘मी भरभराटीची वाट धरली’ असा. अर्थ लागतो म्हणून उगम तोच, हा तर्क मान्य केला तर जगातल्या कुठल्याही नावाला कुठल्याही भाषेत कूळ शोधून देता येईल. नाव आधी असतं आणि त्याला शोभेशी गोष्ट मागाहून जुळवली जाते, हे लोककथांत सर्वत्र घडतं. त्यामुळे या बादरायण संबंधांना मी पुराव्यात धरत नाही, मग ते कोणत्याही बाजूचे असोत. हाच नियम एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला सैल लावला, तर तो इतिहास राहत नाही.

भाषेची साक्ष याहून भक्कम आहे, कारण तिला कोणाच्या गादीशी देणंघेणं नाही. योरुबात पाण्याला ‘ओमि’ म्हणतात, एडोत ‘आमे’. तोंडाला ‘एनु’ आणि ‘उनु’, तीनला ‘एता’ आणि ‘एहा’, मुलाला दोन्हीकडे ‘ओमो’. पण आगीला योरुबात ‘इना’, एडोत ‘एर्हेन’. दोनला ‘एजी’ आणि ‘एवा’. म्हणजे नातं आहे, पण ते फार जुनं आणि झिजलेलं आहे. भाषाशास्त्रज्ञ या दोघींना एकाच मोठ्या बेन्वे-काँगो कुळाच्या वेगवेगळ्या शाखांत ठेवतात. योरुबाच्या शाखेत इत्सेकिरी आणि नायजर नदीपलीकडची इगाला आहे. एडोच्या शाखेत एसान, उर्होबो, इसोको अशा अनेक भाषा आहेत, आणि त्या शाखेचा सविस्तर तुलनात्मक अभ्यास बेन एलुग्बे यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही शाखा वेगळ्या झाल्या त्याला काही हजार वर्षं झाली असावीत. ओदुदुवाची कथा फार तर आठ-नऊशे वर्षांपूर्वीची. शिवाय एडोत अनेकवचन शब्दाच्या सुरुवातीला होतं. ‘ओक्पिआ’ म्हणजे पुरुष, ‘इक्पिआ’ म्हणजे अनेक पुरुष. ‘ओखुओ’ म्हणजे बाई, ‘इखुओ’ म्हणजे बाया. योरुबात ही जुनी रचना उरलेली नाही, तिथे अनेकवचनासाठी वेगळा शब्द पुढे लावतात. आईकडे नसलेला असा जुना दागिना लेकीकडे येणार कुठून? तेव्हा एडो ही योरुबातून निघालेली नाही. योरुबा एडोतून निघाली असंही म्हणायला आधार नाही. या बहिणी आहेत, आणि त्यांची आई कोणत्याही राजाच्या जन्माआधी कितीतरी शतकं मावळलेली आहे.

यावर आक्षेप येतो की राजा आणि त्याचा दरबार बाहेरून आला, तर भाषेवर ठसा उमटलाच पाहिजे. ठसा उमटतो, पण भाषा बदलते असं नाही. याच प्रदेशात याची दोन ढळढळीत उदाहरणं आहेत, आणि या वादात ती फारच कमी वेळा आठवली जातात. पहिलं वारी नावाच्या नगरातल्या इत्सेकिरींचं. त्यांचं राजघराणं बेनिनमधून आलं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ओबा ओलुआचा मुलगा गिनुवा तिथे गेला, हे दोन्हीकडे मान्य आहे. तरी इत्सेकिरी भाषा आजही योरुबाची सख्खी बहीण आहे, एडोची नाही. दुसरं उदाहरण लागोसचं. १६०३ च्या सुमारास तिथे गेलेल्या आन्द्रेआस उल्सहाइमर या जर्मनाने ते बेनिनच्या राजाच्या सैन्याचं ठाणं म्हणून वर्णिलं आहे. लागोसच्या गादीचा मूळ धागा बेनिनला जातो, आणि शहराचं ‘एको’ हे नाव एडोतल्या लष्करी छावणीच्या शब्दावरून आलं असं पुष्कळ जण मानतात. लागोसची भाषा मात्र योरुबाच राहिली. राजवंश आला आणि प्रजेने आपली बोली सोडली नाही, हे जर वारीत आणि लागोसमध्ये घडलं, तर बेनिनमध्ये उलट दिशेने तेच घडलं असं मानण्यात एडोंना कमीपणा वाटायचं कारण नाही.

पण ते घडलं याला पुरावा काय? केवळ एकोणिसाव्या-विसाव्या शतकात लिहून घेतलेल्या कथा असत्या, तर मी गप्प बसलो असतो. इथे एक जुना, परका आणि या भांडणाशी संबंध नसलेला साक्षीदार आहे. जुआंव द बारोस हा पोर्तुगीज इतिहासकार. अल्बुकर्कने गोवा घेतल्याची हकिकत ज्या ग्रंथमालेत येते, त्या ‘आशियाची दशकं’ या त्याच्या मालेमुळे तो आपल्याकडे ठाऊक आहे. त्याच मालेच्या १५५२ मध्ये छापलेल्या पहिल्या खंडात बेनिन येतं. १४८० च्या दशकात बेनिनच्या वकिलांनी पोर्तुगालच्या दरबारात सांगितलं की त्यांच्या देशाच्या पूर्वेला वीस महिन्यांच्या वाटेवर ओगाने नावाचा एक थोर राजा आहे. बेनिनमध्ये नवा राजा झाला की तो ओगानेकडे वकील पाठवतो. ओगाने त्याला काठी, शिरस्त्राणासारखा मुकुट आणि पितळेचा क्रूस पाठवून मान्यता देतो, आणि स्वतः मात्र रेशमी पडद्याआडच राहतो. आता बेनिनमध्ये इफेच्या ओनीला आजही ‘ओगेने न’उहे’ म्हणतात, आणि ‘उहे’ हे इफेचं एडो नाव. गळ्यात क्रूस घातलेल्या मूर्ती बेनिनच्या पितळकामात सापडतात. योरुबा-एडो असा जातीय वाद जन्मायच्या चारशे वर्षं आधी बेनिनचा दरबार स्वतःहून सांगत होता की आमच्या राजाला बाहेरून मान्यता येते. माझ्या लेखी या एका साक्षीचं वजन बाकीच्या सगळ्या कथांहून जास्त आहे.

तिच्यावरचा आक्षेप गंभीर आहे, आणि तो टाळणं बरं नव्हे. इफे बेनिनच्या वायव्येला आहे, पूर्वेला नाही. इतिहासकार अ‍ॅलन रायडर यांनी १९६५ मध्ये यावरच बोट ठेवलं आणि ओगानेचं स्थान नायजर-बेन्वे संगमाकडे असावं असं सुचवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. इफेत ‘ओरुन ओबा आडो’ नावाची जागा आहे. बेनिनच्या राजांचे अवशेष तिथे पुरले जात, अशी आख्यायिका. तिथे खोदल्यावर खड्डे सापडले, हाडं सापडली नाहीत, आणि कोळशाचे काळ सहाव्या ते दहाव्या शतकातले निघाले, म्हणजे एवेकाच्या आधीचे. या आख्यायिकेचा आधार सुटला, हे मान्य करायला हवं. पण दिशेच्या बाबतीत मला बारोस पुरेसा विश्वासार्ह वाटत नाही. वीस महिन्यांची वाट चालून गेलं तर आफ्रिका संपून जाईल. पोर्तुगीजांना त्या काळी पूर्वेकडच्या प्रेस्टर जॉन या ख्रिस्ती राजाचा ध्यास होता, आणि क्रूस ऐकताच त्यांनी ओगानेला त्याच्याच दिशेला नेऊन बसवलं असण्याचा संभव मोठा आहे. अंतर चुकीचं धरायचं आणि दिशा तेवढी बरोबर धरायची, हे न्याय्य नाही. नाव आणि विधी या दोन गोष्टी मात्र वकिलांच्या तोंडच्या आहेत, आणि त्या इफेकडेच बोट दाखवतात.

इफेने राजा दिला असेल. देश त्याने दिला नाही, आणि इथे योरुबांकडच्या अतिरेकी दाव्यालाही उत्तर द्यायला हवं. बेनिनच्या परिसरात मातीच्या तटांचं आणि खंदकांचं प्रचंड जाळं आहे. पॅट्रिक डार्लिंग यांच्या अंदाजाने त्यांची एकूण लांबी सुमारे १६,००० किलोमीटर भरते, आणि त्यांतल्या कित्येकांची सुरुवात ओबांच्या आधीची मानतात. ओरान्मियान आला असेल तर तो गावं, सीमा आणि मानकरी असलेल्या, मुरलेल्या समाजात आला. बेनिनची परंपरासुद्धा हे लपवत नाही. जुन्या सत्तेचा वारस म्हणून ओगियामिएन घराण्याचा मान आजही चालतो, आणि नव्या ओबाच्या राज्याभिषेकाच्या विधींत त्या घराण्याशी लुटुपुटूची लढाई होते. पितळ ओतण्याची कला ओबा ओगुओलाने इफेहून कारागीर मागवून आणली, असं बेनिनमध्येच सांगतात. पण इगुन गल्लीतल्या ओतकऱ्यांनी तिचं पुढे जे केलं, ते निखळ एडो आहे.

मग एकालादेरहानची कथा आली कुठून? जेकब एघारेव्बा यांनी १९३० च्या दशकात बेनिनचा इतिहास लिहून छापला, तेव्हा त्यात इफेचा ओदुदुवा हाच राजा देणारा होता. एकालादेरहान तोच ओदुदुवा, ही मांडणी जोरात आली ती नंतर. मधल्या काळात ‘ओदुदुवाची लेकरं’ या अर्थाचं नाव घेतलेली योरुबा संघटना १९४५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली, तिच्यातून राजकीय पक्ष निघाला, आणि एडो लोक त्या पक्षाच्या हुकमतीखालच्या पश्चिम प्रांतात अल्पसंख्य ठरले. १९६३ च्या जनमताने त्यांनी वेगळा मध्य-पश्चिम प्रांत मिळवला. ज्याच्या नावाने शेजारी राज्य करतो, तो पूर्वज आपलाच लेक ठरला तर अपमान धुऊन निघतो. ही वेदना खरी आहे, आणि तिची थट्टा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण योरुबा हे नावसुद्धा सगळ्या योरुबाभाषकांना एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या काळात लागलं. आधी ते मुख्यतः ओयोवाल्यांचं होतं. १२०० च्या सुमारास ‘योरुबा’ आणि ‘एडो’ अशी दोन राष्ट्रं समोरासमोर उभीच नव्हती, तेव्हा कोणाचा बाप कोण, हा प्रश्न त्या काळाला विचारण्यात अर्थ नाही.

माझा निवाडा असा की गादीचं नातं इफेशी आहे, भाषेचं नातं त्याहून कितीतरी जुनं आणि बरोबरीचं आहे, आणि लोक तिथलेच आहेत. बेनिनच्या स्वतःच्या शब्दांत हे अजून जपलेलं दिसतं. राजासाठी एडोचा घरचा शब्द ‘ओगिए’. ‘ओगिसो’ त्यातूनच झाला. ‘ओबा’ हा शब्द मात्र योरुबांच्या प्रत्येक राजनगरात आहे, आणि तो बेनिनला तिकडूनच आला असावा. आजही बेनिनच्या राजवाड्यात ओबा बसतो, आणि त्याच्या वतीने गावोगाव कारभार पाहणाऱ्या सरदारांना एनिगिए म्हणतात.