व्यवसाय आणि खाजण : ओल्मस्टेड यांचा बोस्टनमधील प्रयोग

फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (1822–1903) यांचा उल्लेख प्रायः उद्यानरचनाकार म्हणून होतो. वस्तुतः त्यांचा आरंभ प्रवासवृत्तलेखनाने झाला. अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामगिरीविषयीच्या त्यांच्या 1850च्या दशकातील लेखनात जमिनीची अवस्था आणि समाजव्यवस्था यांची सांगड घातलेली आढळते. हीच दृष्टी पुढे त्यांच्या व्यवसायाचे भांडवल ठरली.

बोस्टनच्या बॅक बे फेन्सचे काम त्यांनी 1870च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले. तेथील प्रश्न शोभेचा नसून पुराचा व सांडपाण्याचा होता. त्यांनी भरतीचे पाणी सामावणारे खाजण पुन्हा घडविले आणि खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या वनस्पती लावल्या. 1883 मध्ये त्यांनी बिऱ्हाड व कचेरी नजीकच्या ब्रुकलाइनला हलविली. ती कचेरी पुत्रांनी व उत्तराधिकाऱ्यांनी जवळजवळ शतकभर चालविली. मात्र 1910 मध्ये चार्ल्स नदीवरील धरण पूर्ण होताच भरती थांबली, पाणी गोडे झाले आणि त्या वनस्पती लोपल्या.

व्यवसाय टिकला; खाजण तीन-चार दशकांतच संपले. तेव्हा शाश्वततेचे मूल्यमापन केवळ रचनाकाराच्या आराखड्यावरून करणे अपुरे ठरते. त्या पाण्याविषयी पुढील पिढ्यांनी घेतलेले निर्णयही त्याच इतिहासाचा भाग मानावे लागतात.