खेचरांच्या वाटेवरून

निवृत्त झाल्यावर सायकल घेतली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पडलात तर मला फोन करू नका!" तरीही गेल्या मार्चअखेरीस मी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनहून कंबरलंडला निघालो. चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठाने १८४.५ मैल. झाडे अजून उघडीबोडकी, वाट चिखलाची, मुक्कामाच्या जागांवरचे पाण्याचे पंप बंद. पण पोटोमॅकच्या काठी ब्लूबेलची निळी फुले उमलू लागली होती.

ही वाट मुळात खेचरांची. दोराने नाव ओढत ती इथून चालत. वाटेत ७४ लॉक लागतात. दोन्ही बाजूंना दरवाजे असलेली दगडी कोठी, तिच्यात पाणी भरले की नाव वर चढते, सोडले की खाली उतरते. अशा रीतीने ६०५ फुटांचा चढ पार होई.

४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी कालव्याची पहिली कुदळ मारली. योगायोग पाहा, त्याच दिवशी बाल्टिमोरला ओहायो नदीकडेच जाणाऱ्या रेल्वेचा पहिला दगड बसला! शर्यत सुरू झाली. रेल्वे १८४२ साली कंबरलंडला पोहोचली. कालवा पोहोचला १८५० साली.

उशीर का झाला, ते पॉ पॉ बोगद्यात कळते. ३,११८ फूट लांब. दिव्याच्या उजेडात सायकल हाती धरून चालताना भिंतीच्या विटा दिसतात. साठ लाखांच्या आसपास आहेत म्हणे. काम १८३६ ते १८५० चालले. पैसे संपले, पगार थकले, मजुरांत दंगली झाल्या. त्याआधी १८३२ साली कालव्यावरचे कित्येक आयरिश मजूर पटकीने दगावले होते. त्यांची नावे कुठल्याच विटेवर नाहीत.

कालव्याला पिट्सबर्गपर्यंत जायचे होते. तो कंबरलंडलाच थांबला आणि १९२४ च्या पुरानंतर बंद पडला. पुढे या काठावरून मोटाररस्ता काढायची योजना निघाली. वॉशिंग्टन पोस्टने तिला पाठिंबा दिला. तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिले: माझ्याबरोबर चालून पाहा. मार्च १९५४ मध्ये पंचावन्न वर्षांचे न्यायमूर्ती कंबरलंडहून निघाले आणि आठ दिवसांत वॉशिंग्टनला आले. पूर्ण अंतर चालणारे नऊच जण उरले, पण पत्राने आपले मत बदलले. १९७१ साली कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

मंडळी, मी आयुष्यभर रस्त्यांचे नकाशे काढले. १९५४ साली तो नकाशा माझ्या टेबलावर आला असता, तर मी बिनदिक्कत रेघ ओढली असती. नदीकाठची सपाट, सरळ जमीन इंजिनियरला आणखी काय हवी? सहा दिवस त्या चिखलातून गेल्यावर मात्र वाटले, काढण्याआधी आपली प्रत्येक रेघ एकदा पायी चालून पाहायला हवी होती.

कंबरलंडच्या पुढे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून दीडशे मैलांची सायकलवाट जाते. २०१३ साली ती पिट्सबर्गला पोहोचली. कालव्याचे राहिलेले काम असे, हरलेल्या रुळांच्या जागेवरून, पुरे झाले. वाटेतला बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद ठेवतात; मी गेलो तेव्हा तो उघडला नव्हता. म्हणून तिथूनच परतलो.

उरलेल्या वाटेसाठी पुन्हा जाणार आहे. यंदा सौभाग्यवतींनीही सायकल घेतली आहे!